दाराआडचा हात

"हा निळा नको, हा शाळेच्या गणवेशाचा झाला," म्हणत सजावटकारानं रंगाऱ्याच्या हातातली काडी काढून घेतली. डब्यात चिमूटभर काळा टाकून तो स्वतःच ढवळू लागला. "निळा असा हवा, की भिंत कुठे संपते ते कळू नये."

"तुम्ही म्हणाल तसं, काका," रंगारी म्हणाला.

खिडकीशी उभी असलेली घरमालकीण हसली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. रंगाचा वास काहींना झोंबतो.

काम तिच्या वडिलांच्या खोलीचं होतं. ते कधी सुरू झालं, हे सजावटकाराला नीटसं आठवत नव्हतं. पण काम मनासारखं असलं की त्याचं असंच व्हायचं, दिवस एकमेकांत विरघळून जायचे. बाईही लाघवी. चहा मागावा लागत नसे, आणि यायचा तो बिनसाखरेचा, कप काठोकाठ भरून, अगदी त्याला हवा तसा. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं.

"वडिलांना आवडतं काय?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला आवडेल ते."

"असं कसं, बाई? माणूस कळल्याशिवाय खोली कशी सजवू? नुसते कपाटात शर्ट कोंबायचे असते तर सुतार पुरला असता."

बाई जरा थांबली. "हट्टी आहेत. थट्टेखोर आहेत. आणि हल्ली मला ओळखत नाहीत. लहानपणी एका नावानं हाक मारायचे. वर्ष झालं, ती हाक कानावर नाही. या खोलीत आले, तर एखादवेळेस..."

"काय नाव?"

"ते त्यांनीच सांगायचं."

सजावटकारालाही लेक होती, एवढीशी, महा उचापती. आज घरी गेल्यावर आधी तिला कडेवर घ्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

मग त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्यासाठी त्यानं जीव ओतला. रंगाचा पहिला हात सुकला, दुसरा चढला. दुपारची उन्हं आत आली की खोली पाण्याखाली गेल्यासारखी संथ वाटे आणि बोलणारा आपोआप हळू बोले. निळा उजेड पिऊन टाकतो, म्हणून त्यानं उशाशी पितळेचा दिवा ठेवला. न्हाणीघराच्या दाराला तांब्याची मूठ बसवली, अर्धवट झोपेतही म्हाताऱ्याला ती लुकलुकताना दिसावी.

"समोर सोनेरी चौकटीचा आरसा लावू," तो म्हणाला.

"आरसा नको. त्यात त्यांना कुणी परका म्हातारा दिसतो. घाबरतात."

सजावटकाराला पटलं. हल्लीचे आरसे तसेही फसवेच निघतात. आरशाच्या जागी त्यानं पितळेची नक्षीदार थाळी टांगली. तिच्यात चेहरा दिसत नव्हता, नुसता उबदार उजेड.

सगळं झाल्यावर त्यानं शेवटची फेरी मारली. भिंतीवरून बोट फिरवलं, दिवा केसभर सरकवला, दार ओढून त्याच्या मागे डोकावला, आणि त्याचा पारा चढला.

"अहो रंगारी! इथे हात मारायचा राहिला की!"

रंगाऱ्यानं बाईकडे पाहिलं.

"मीच सांगितलं त्यांना," बाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तिथे हात आधीच आहे."

काय बोलते ही, असं मनात म्हणत सजावटकार वाकला. दाराआड जुन्या पांढऱ्या रंगाचा वीतभर तुकडा तसाच ठेवला होता. त्यावर एक चिमुकला पंजा उमटला होता, पाचही बोटं फाकलेला. रंग निळा. गणवेशाचा नव्हे, चिमूटभर काळा घातलेला.

त्यानं आपला तळवा त्यावर ठेवला. पंजा अख्खा झाकला गेला. तो तसाच वाकून राहिला, आणि घाई कुणीच केली नाही. थाळीवरचं ऊन सरकत सरकत दाराच्या कडेशी आलं.

"ठमे," तो मागे न वळता दबक्या आवाजात म्हणाला, "पळ, आधी हात धू. आणि आईला सांगायचं नाही हं."

बाई त्याच्या शेजारी येऊन जमिनीवर बसली.

"नाही सांगत, बाबा."