मानाचं पोतं

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून परशरामनं एक रिकामं पोतं आणलं होतं. त्यावर लाल शाईत ‘रिजेक्टेड’ असा ठसठशीत इंग्रजी शिक्का. गोऱ्या साहेबाचा शिक्का म्हणजे अव्वल माल, असं तो गावभर सांगायचा.

त्याच्या लेकीला बघायला चाळिशीचा बिजवर आला. वय झालेलं, पण मॅट्रिक पास!

“आण्णा, पाव्हण्यास्नी घोंगडं नगं, साहेबाचं पोतं अंथरूया,” लेक आक्काताईच म्हणाली.

पाहुणा बसायला वाकला, शिक्का वाचला आणि सुपारीही न घेता तरातरा निघून गेला.

“येवढा मान दिला, तरी फुरंगटला की गं त्यो!” परशराम कपाळाला हात लावून बसला.

मास्तरीणबाईंकडून शिक्क्याचा अर्थ आधीच विचारून आलेल्या आक्काताईनं पोतं झटकलं आणि जपून ठेवलं. आठवड्यानं आणखी एक बिजवर यायचा होता.