भेवाचा पिक्चर

साकोलीकडच्या एका गावात, धानाच्या बांधीत रोवणा चालला होता. बाया खांद्याला खांदा लावून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या, आणि सगळ्यात भीतिदायक पिक्चर कोणता यावर त्यांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती. शोभाताईला रिकामा पाळणा हलतो तो पिक्चर आठवला की अजून झोप येत नसे.

कौतिकाबाई मात्र रांगेच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एकटीच रोवत होती. गावातली लेकरं तापाने गेली, त्या सालापासून तिच्या शिदोरीतलं लोणचंसुद्धा कोणी घेत नव्हतं.

दामिनीला खोडी सुचली. "काहून वो म्हातारे, तुले त कोणत्याच पिक्चरचं भेव लागत नसन?"

बाया फिदीफिदी हसल्या. कौतिकाबाईने हातातली पऱ्ह्याची जुडी चिखलात आपटली आणि कंबर सरळ केली.

"लागते ना. मागच्या गणपतीत तुम्ही चौकात पडद्यावर लावला होता, चेटकिणीले झाडाले बांधून जाळतेत, त्याचं."

"त्याच्यात कायचं भेव? शेवटी त चेटकीण मरूनच जाते."

कौतिकाबाईने रांगेतल्या एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कोणीच नजर वर केली नाही.

"मरते, अन् तुम्ही टाळ्या वाजवता. मंग पिक्चर सरला का आपापल्या घरी नाही जात. गोटे घेऊन माह्या घरी येता."