त्या बाईचं काय चुकलं

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा सभागृहात कोणी कोणाकडे बघेना. इतकं उघडं, इतकं बेभान प्रेम या मंडळींनी एकत्र बसून कधी पाहिलं नव्हतं. काही जण उगाच खाली वाकून चपला शोधत होते.

"सरांची इच्छा होती म्हणून लावला," विमलाबाई माइकवर म्हणाल्या. "नाहीतर माझी काही हिंमत नव्हती."

सर म्हणजे प्रफुल्ल. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला असताना त्यानंच हे रविवारचं चित्रपट मंडळ काढलं होतं. हा डच सिनेमा दाखवायचाच, म्हणून तो कमिटीशी किती भांडला होता. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डावा हात चालायचा, पण मनात आल्यावर बऱ्याच वेळानं. मानेचा तर भरवसाच नव्हता. हो म्हणायला जावं तर ती आडवी हलायची, नाही म्हणायला जावं तर कधी उभी. घरात मानेचं हलणं कोणी मनावर घेत नसे.

आज तो पुढच्या ओळीच्या कडेला चाकाच्या खुर्चीत होता. मागे, खुर्चीची मूठ धरून, त्याची बायको चैताली बसली होती.

सिनेमातल्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. खालच्या मजल्यावर होड्या दुरुस्त करणारा एक माणूस राहायला येतो आणि ती त्याच्यात बुडून जाते. शेवटी एका सकाळी ती नवऱ्याचं तोंड पुसते, खिडकी उघडते आणि निघून जाते. बरोबर पिशवीसुद्धा घेत नाही. प्रफुल्लनं हा सिनेमा पूर्वी पाहिला तेव्हा त्या दोघांनी त्याला वेड लावलं होतं. नवरा त्याच्या लक्षातही राहिला नव्हता. आज तो सगळा वेळ नवऱ्याकडेच बघत होता.

"फोटोग्राफी लय भारी," महेशनं सुरुवात केली. त्याचं अंबडला छोटं वर्कशॉप होतं, मंडळात तो पहिल्यापासूनचा. "अंगावर कपडे नाय याचंही मला काय नाय. पण आजारी माणसाला टाकून जायचं? ते नाय पटलं."

"प्रेम कसलं, वासना ती," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यांच्याकडे चालतं हो सगळं."

संजना नव्यानंच मंडळात आली होती. ती अडखळत म्हणाली, "मला ती फक्त दमलेली वाटली."

"दमतात सगळ्याच," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी चैतालीकडे बोट केलं. "ही बघा. चार वर्षं झाली, हिच्या कपाळावर आठी नाही पाहिली मी. त्या बाईला हिच्यासमोर उभी करायला हवी होती."

टाळ्या वाजल्या. खुर्चीच्या मुठीवरची चैतालीची बोटं घट्ट झाली तेवढी प्रफुल्लला पाठीमागे जाणवली.

शेवटी हात वर करून मत द्यायची मंडळाची रीत होती.

"त्या बाईनं चूक केली असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," विमलाबाई म्हणाल्या.

हातच हात वर झाले. संजनाचासुद्धा, अर्धवट. विमलाबाईंनी मोजायची तसदी घेतली नाही.

"आणि बरोबर केलं असं?" विचारायचं म्हणून विचारत त्या माइक बंद करायला वाकल्या.

तेवढ्यात पुढच्या ओळीतून एक हात वर आला. डावा. प्रफुल्लचा.

विमलाबाईंनी चष्मा काढला. महेश उठून उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मानलं सर तुम्हाला. एवढं मोठं मन आमच्यात नाय."

"एक," विमलाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर प्रफुल्लच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. प्रफुल्लला वळता येईना.

"दोन," विमलाबाई म्हणाल्या.

बाहेर दुपारचं ऊन होतं. महेश रिक्षा आणायला गेला. चैताली पुढे येऊन खुर्चीसमोर उकिडवी बसली. ती रडत होती आणि हसतही होती. असा चेहरा तिचा कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

"चांदवडहून परत फोन आला होता," ती म्हणाली. "मुलींच्या वसतिगृहातून, नोकरीसाठी. तिथंच राहावं लागेल म्हणून मी नाही म्हणत आले. तुम्हाला सांगितलंही नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? मनात आलं तरी पाप वाटायचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमच्याजवळ दिवसरात्रीचा माणूस ठेवू. मी रविवारी येत जाईन. एरवी माझी हिंमत झाली नसती हो. तुम्ही चारचौघांत मला मोकळं केलंत."

प्रफुल्लची मान आडवी हलली. पुन्हा हलली. घशातून नुसता आवाज आला.

"मानेचं राहू द्या," चैताली म्हणाली. "हातानं सांगितलंत ना, मला कळलं." तिनं त्याचा डावा हात उचलून आपल्या गालाला लावला.

वळणावर रिक्षा दिसली. प्रफुल्ल आपल्या हाताकडे बघत राहिला. विमलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तेव्हाच त्यानं तो उचलायला घेतला होता.