सोपानरावांची खाज

सरपंचपदाचे दोन्ही उमेदवार एकाच मंचावर बसले होते. सोपानरावांनी मुठी आवळल्या होत्या, कारण बोटांच्या बेचक्यांतली खाज थांबत नव्हती.

सकाळीच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "अण्णा, खरूज नुसत्या रामरामानं लागत नाही. खरूजवाल्याच्या अंथरुणात झोपलं की लागते, आणि महिन्याभरानं खाज सुटते. कुठं मुक्काम केला होतात?"

"छे, घरीच की!" महिन्यापूर्वी विरोधी उमेदवार दाजीबाच्या मळ्यात एकाच गोधडीत पडून दोघांनी गावची कंत्राटं वाटून घेतली, हे कसं सांगणार?

आता दाजीबा गरजत होता, "ह्याची सावलीबी मी अंगावर पडू देत न्हाई!" बोलता बोलता त्यानं कराकरा बेचकी खाजवली. सोपानरावांनी आपल्या मुठी झटकन मांड्यांखाली दडपल्या.

पहिल्या रांगेतून डॉक्टरीणबाई मायेनं म्हणाल्या, "औषध दोघांनी एकाच दिवशी लावा हं अण्णा, नाहीतर एकमेकांकडून पुन्हा लागेल."