नंबरातली घागर

पहिल्या बाकावर निळी घागर होती. बद्रीनाथ सर वर्गात आले अन् भडकलेच.

"ही शाळा हाय का पाणवठा? कुणाची ही?"

"चतुराची," शेजारी बसणारी छबू म्हणाली.

चतुरा आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती, पार कोल्हापूरकडच्या सहकारी कारखान्यावर. सातवीत इंग्रजीला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सर रोज एका इंग्रजी शब्दाचं मूळ सांगायचे, तो कुठून आला, कसा बदलला. बाकीची पोरं जांभया द्यायची, ही वहीत उतरवून घ्यायची. अन् जाताना सरांना सांगूनसुद्धा गेली नाही! सरांना तेच झोंबलं होतं. गेलेल्या पोरांची नावं आज हजेरीतून कापायची होती. नाव कापलं की परीक्षा गेली. परीक्षा गेली की कोयता जन्माचाच.

"काढ ती घागर. तिथं दुसरं कुणी बसंल."

छबू जागची हलली नाही. "सर, तिनं नंबर लावलाय."

"कसला नंबर?"

"तुमची बी घागर सकाळपासून टँकरच्या लाईनीत हाय. तुमी इथं, घागर तिथं. हलवली का कुणी?"

गावात प्यायला पाणी नव्हतं, भांडणं रोजची होती, पण नंबरातल्या घागरीला आजवर कुणी हात लावला नव्हता. सरांनी लाल पेन खिशात ठेवला अन् फळ्यावर त्या दिवसाचा शब्द लिहिला.

होळी झाली अन् चतुरा परतली. हाताला घट्टे, तोंड रापलेलं. नाव कधीच कापलं असणार, हे ती धरूनच चालली होती. निदान घागर तरी घरी न्यावी म्हणून आली, अन् दारातच घुटमळली. आत हजेरी चालू होती. सरांनी तिचं नाव घेतलं. तिला खरंच वाटेना. कसंबसं "हजर" म्हणाली.

घागर होती तिथंच होती. उचलली तर आत कागद खसखसले. गळ्यापर्यंत चिठ्ठ्या! पोरांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, दर दिवसाच्या शब्दाची एक. तिनं घागर बाकावर पालथी केली. सगळ्यात तळाची चिठ्ठी वर येऊन पडली. सर भडकले होते त्याच दिवसाची, अन् अक्षर सरांचं:

'शुगर. मूळ शब्द शर्करा. आपल्याकडूनच गेलेली.'