सोफ्यावरची जागा

"पाय वर घेऊन बसू नका!" लग्नापासूनचं आपलं वाक्य निर्मलाबाईंनी रमाकांतरावांना पुन्हा ऐकवलं. मुलगी बघायला पाहुणे यावेत तसं त्यांनी घर लखलखीत केलं होतं. सोफ्याला पांढरंशुभ्र कव्हर, टीपॉयवर गरम पोहे.

पाहुणी आली ती सरदारला घेऊन. सोडून दिलेल्या लॅब्रेडॉर कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्थेतली ती ताई आधी घर बघायची, मगच होकार द्यायची. तिने घरभर नजर फिरवली आणि पोह्यांची बशी बाजूला सारली.

"काका, रागावू नका. याचे केस फार गळतात. अशाच एका चकचकीत घराने याला परत पाठवलंय."



"अगं, मी त्याच्यासाठीच आवरलं गं," निर्मलाबाई कशाबशा म्हणाल्या.

तेवढ्यात अंगणात सोडलेला सरदार नारळाच्या आळ्यात मनसोक्त लोळून आत आला. तो थेट सोफ्यावर चढला आणि चिखलाचे पाय तसेच ठेवून त्याने निर्मलाबाईंच्या इस्त्रीच्या साडीवर हनुवटी टेकवली.

रमाकांतराव श्वास रोखून बायकोकडे बघत राहिले. तिचा हात हळूच सरदारच्या कानामागे गेला.

ताईने हसून पोह्यांची बशी पुन्हा जवळ ओढली. "याला इथेच ठेवून जाते, काकू."

निर्मलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "बघताय काय? उठा, खुर्चीवर बसा. त्याला पाय पसरायला जागा नको?"