काचेवरचा थर

पुरात गावची वीज जाऊन चार दिवस झाले होते. साप चावलेल्या लहानग्या जैनीला बाजेवर घालून आणलं, तेव्हा नर्स कुमुदताईंनी दवाखान्याचा फ्रिज उघडला. आतलं सापाच्या विषावरचं औषध थंडगार होतं; त्यांनी ते लगेच जैनीला टोचलं.

संध्याकाळी जैनीने डोळे उघडले. तिच्या आईने विचारलं, “बाई, लाइट नसताना फ्रिज चालला कशावर?”

“खिडक्यांच्या काचांवर. त्यांना एकाच अणूच्या जाडीचा थर दिलाय. येणाऱ्या उजेडातला थोडासा शोषून तो वीज करतो.”

आईने काचेवरून हात फिरवला. “इथं तर काहीच नाही, बाई!”

कुमुदताई जवळ गेल्या. थर काठापर्यंत पोचला नव्हता; तिथली बारीक पट्टी किंचित जास्त उजळ दिसत होती. काचेने ठेवून घेतलेल्या तेवढ्याशा उजेडावर पोर वाचली होती. कुमुदताईंना बराच वेळ तिथून हलवेना.